परूशी कोण होते, आणि आपण त्यांना काय केले?

(पुलगाव येथील एका पाळकाकडून)



आमच्या मंडळ्यांत 'परूशी' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. पंचांच्या बैठकीत कोणा वडिलाने शिस्तीची आठवण करून दिली की मागून आवाज येतो, "हा मोठा परूशी आला!" एखादी बाई मुकाट्याने उपास करते, तिलाही तेच नाव मिळते. उलटपक्षी, एखाद्या तरुणाने पंचांस दोन प्रश्न विचारले तर तोही परूशीच ठरतो, कारण परूशी प्रभूला प्रश्न विचारीत असत. येणेप्रमाणे शिस्त पाळणारा व शिस्तीला हसणारा, दोघेही एकाच काठीने एकमेकांस झोडपतात. ज्या लोकांचे हे नाव ते कोण होते, कसे जगले, पुढे त्यांचे काय झाले, हे विचारावयास कोणी थांबत नाही.

खेड्यातील उपदेशकास तर वर्षातून अनेक रविवारी परूश्यांविषयी बोलावे लागते. त्याने जे सांगितले तेच पुष्कळ लोक जन्मभर धरून बसतात, कारण पडताळून पाहण्यास त्यांच्या घरी दुसरे पुस्तक नसते. म्हणून ख्रिस्ती मंडळीने ह्या लोकांविषयी आजवर कसा निकाल दिला व तो कितपत न्यायाचा होता, ह्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

'परूशी' हे नाव ज्या इब्री शब्दावरून आले त्याचा अर्थ 'वेगळे झालेले' असा बहुतेक पंडित करतात. ख्रिस्ताच्या जन्मापूर्वी दुसऱ्या शतकात हा पंथ इतिहासात प्रथम दिसतो. योसेफस नावाचा यहूदी इतिहासकार, जो इ. स. ३७ च्या सुमारास जन्मला व स्वतः त्या पंथाच्या रीतीने वागला असे सांगतो, तो हेरोद राजाच्या काळी परूश्यांची संख्या सहा हजारांहून अधिक देतो. एवढ्या देशात सहा हजार म्हणजे मूठभरच. परंतु सामान्य लोकांत त्यांचे वजन मोठे होते. मंदिराचा कारभार व संपत्ती सदूकी घराण्यांच्या हाती होती. परूशी बहुधा कारागीर, व्यापारी, लेखक असे साधे लोक होते. लेखी नियमशास्त्राबरोबर वडिलांकडून तोंडी चालत आलेली शिकवणही देवाकडचीच, असे ते मानीत. मेलेले पुन्हा उठतील, देवदूत आहेत, देव मनुष्याचा न्याय करील, ही त्यांची मते, सदूकी ती नाकारीत (प्रे. कृत्ये २३:८). म्हणजे पुनरुत्थानाविषयी आपण दर रविवारी जो विश्वास उभे राहून कबूल करतो, त्या बाबतीत आपण परूश्यांच्या बाजूचे आहो. पौलाने न्यायसभेपुढे 'मी परूशी होतो' असे न म्हणता 'आहे' असेच म्हटले, हेही त्याच ठिकाणी पाहावे.

आता एक गोष्ट आमच्या प्रांतातील वाचकांसाठी विशेष विस्ताराने सांगितली पाहिजे.

मराठी शुभवर्तमानात परूश्यांच्या जोडीला नेहमी 'शास्त्री' येतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लिहिणारा, शास्त्राची नक्कल करणारा व अर्थ सांगणारा, असा आहे. मराठी भाषांतरकारांनी त्यास 'शास्त्री' हा शब्द योजिला. शब्द चुकीचा नव्हे. परंतु महाराष्ट्रातल्या माणसाच्या कानी तो पडला की त्याच्या डोळ्यांपुढे यरुशलेम उभे राहत नाही. गावातला वाडा, सोवळे, पळी-पंचपात्री, आणि 'दूर हो' म्हणणारा आवाज, हे उभे राहते. ज्यांच्या आजोबांस विहिरीवर चढू दिले नाही, त्यांनी मत्तयाचा तेविसावा अध्याय प्रथम ऐकला तेव्हा त्यांस कोणी तरी आपल्या बाजूने न्यायाला उभे राहिले असे वाटले. त्या वाटण्याला आम्ही खोटे म्हणणार नाही. प्रभू खरोखरच लोकांच्या पाठीवर जड ओझी लादणाऱ्यांविरुद्ध बोलला आहे, आणि ज्याच्या पाठीवर ओझे होते त्यास ते शब्द अधिक लवकर समजले.

तथापि परूशी म्हणजे यहूदी ब्राह्मण, असे जे समीकरण आमच्यात रूढ झाले आहे, ते खरे नव्हे. यहूद्यांत याजकपण जन्माने मिळे, आणि परूश्यांपैकी बहुतेक याजक नव्हते. कोणाही गरिबाच्या मुलाने शिकावे व गुरु व्हावे, हीच त्यांची रीत होती. हिल्लेल नावाचा त्यांचा महान गुरु, जो हेरोदाच्या काळी होऊन गेला, तो मजुरीने पोट भरून शिकला असे यहूदी परंपरा सांगते. पौल हा गमलियेलाच्या पायांपाशी शिकलेला परूशी. त्याचा धंदा तंबू करण्याचा.

हात धुण्याची गोष्ट घ्या (मार्क ७). आमचे श्रोते ती ऐकून लगेच म्हणतात, "म्हणजे विटाळच की!" येथे उपदेशकाने घाई करू नये. नियमशास्त्रात जी अशुद्धता आहे ती एक अवस्था आहे. प्रेताला हात लागला, अंगावर स्राव झाला, तर मनुष्य काही दिवस अशुद्ध होई. स्नान करी, सूर्य मावळे, आणि तो पुन्हा शुद्ध होई. ती राजालाही लागे, याजकालाही लागे. आमच्याकडच्या शिवाशिवीत मात्र मनुष्य जन्मतः अशुद्ध ठरविला गेला व कोणत्याही नदीच्या पाण्याने तो धुतला जाईना. ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परूश्यांचे म्हणणे असे होते की याजक मंदिरात ज्या शुद्धतेने पवित्र अन्न खातो, त्याच शुद्धतेने साध्या घरातील मनुष्यानेही आपल्या ताटावर बसावे. म्हणजे प्रत्येक घर लहानसे मंदिर होईल. पवित्रता थोड्यांच्या हातून काढून सर्वांच्या घरी आणण्याचा तो यत्न होता. त्यातून पुढे, जो हे पाळीत नाही तो हलका, अशी तुच्छता निपजली, परराष्ट्रीयांच्या घरी जेवण्याविषयी तर यहूद्यांत इतकी धास्ती होती की पेत्रास त्यासाठी दर्शन व्हावे लागले (प्रे. कृत्ये १०). जकातदारांच्या पंक्तीस बसून प्रभूने जो घाव घातला तो ह्याच तुच्छतेवर.

आणि 'शास्त्री' ह्या शब्दाविषयी आणखी एक सांगतो. आमच्या मंडळीच्या इतिहासात स्वतः शास्त्री असलेले कमी नाहीत. नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या बायकोस संस्कृत शिकविले. तो शास्त्री तसा नसता तर मुक्तीही नसती. आमच्याच वर्ध्यास १९२८ साली जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य म्हटलेल्या लोकांस उघडे केले, ते धर्म पाळणाऱ्यानेच केले. जुन्या घरात राहूनच त्याची दारे उघडणारे लोक असतात. परूश्यांतही असे होते.

प्रभूचे व त्यांचे वागणे कसे होते, हे शुभवर्तमानांतून नीट पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. तो तीनदा त्यांच्या घरी जेवावयास गेलेला लूक सांगतो (७:३६, ११:३७, १४:१). ज्याचा आपणास तिटकारा आहे त्याच्या घरी कोणी तीनदा जेवत नाही, व तोही आपणास तीनदा बोलावीत नाही. हेरोद तुला मारू पाहतो, येथून निघून जा, अशी सूचना त्यास देणारे परूशीच होते (लूक १३:३१). सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारणाऱ्या शास्त्र्यास, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस, असे उत्तर मिळाले (मार्क १२:३४). निकदेम रात्री आला खरा, पण प्रभूच्या पुरण्याच्या वेळी शिष्य पळाले असता तो सुगंधद्रव्ये घेऊन उघड आला (योहान १९:३९). गमलियेलाने न्यायसभेत प्रेषितांची सुटका करविली (प्रे. कृत्ये ५). यरुशलेमाच्या पहिल्या सभेत विश्वास धरलेले परूशी बसले होते (प्रे. कृत्ये १५:५). आणि ज्या अध्यायात सर्वांत कडक शब्द आहेत त्याच्या आरंभीच, ते मोशेच्या आसनावर बसतात म्हणून ते सांगतील ते पाळा, पण ते करतात तसे करू नका, असे प्रभूने लोकांस बजाविले आहे (मत्तय २३:२, ३). हे पहिले अर्धे आम्ही बहुधा वाचून टाकतो व दुसऱ्यावर उपदेश करतो.

आणखी एक गोष्ट वाचकांनी स्वतः पुस्तक उघडून पाहावी. प्रभूस धरले, चौकशी केली, वधस्तंभी दिले, हा जो वृत्तांत मार्काने चौदाव्या व पंधराव्या अध्यायांत व लूकाने बाविसाव्या व तेविसाव्या अध्यायांत दिला आहे, त्यात परूश्यांचे नावही नाही. मत्तयात ते एकदा, कबरेवर पहारा मागताना, येतात. योहानात एकदा, धरावयास आलेल्या लोकांच्या संबंधाने. बाकी सर्व काम मुख्य याजकांचे व रोमी सुभेदाराचे. वादविवाद करणारे परूशी गालीलात त्याच्या जिवावर टपले होते असे मार्क ३:६ मध्ये आहे, ते आम्ही लपवीत नाही. परंतु 'परूश्यांनी ख्रिस्तास मारिले' असे जे मुलांच्या वर्गात सर्रास शिकविले जाते, त्यास आधार फार थोडा आहे.

मग शब्द इतके कठोर का? आमच्या खेड्यातील लोकांस हे चटकन समजेल, कारण त्यांना भाऊबंदकी ठाऊक आहे. एका बापाची दोन मुले एकाच शेताच्या बांधावरून भांडतात तेव्हा जे शब्द निघतात ते परक्याशी भांडताना निघत नाहीत. प्रभू व परूशी एकाच शास्त्रास मान देणारे, एकाच सभास्थानात जाणारे, एकाच पुनरुत्थानाची वाट पाहणारे. वाद होता तो नियमशास्त्र पाळावे की नाही हा नसून ते कसे पाळावे हा होता. शब्बाथ दिवशी बैल खड्ड्यात पडला तर तुम्ही तो काढणार नाही काय, असे प्रभू त्यांस विचारतो. कारण ते काढतील हे त्यास ठाऊक आहे. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत ज्या लोकांच्या गुंडाळ्या सापडल्या, त्या लोकांच्या नियमांत शब्बाथ दिवशी खड्ड्यातून जनावर काढू नये असे स्पष्ट आहे. हेच लोक आपल्या काही विरोधकांस 'मऊ गोष्टी शोधणारे' असे हिणवीत, व ते विरोधक परूशीच असावेत असे बहुतेक पंडित मानतात. म्हणजे ज्यांना आपण कडक म्हणतो त्यांना त्यांच्याच काळचे दुसरे ढिले म्हणत होते!

इ. स. ७० साली रोमी सैन्याने यरुशलेम जाळले. मंदिर गेले, त्याबरोबर सदूकी गेले. परूश्यांच्या वारशातील गुरु यव्ने नावाच्या गावी जमले आणि बलिदानाच्या जागी प्रार्थना, वाचन व दानधर्म ह्यांवर त्यांनी आपल्या लोकांस पुन्हा उभे केले. इकडे ख्रिस्ती मंडळीही त्याच राखेतून वाढत होती. दोन्ही घरे एकमेकांस म्हणू लागली, खरा वारस मी. ह्याच काळात शुभवर्तमाने लिहिली गेली, असे पुष्कळ विद्वान समजतात, व त्या वादाची धग त्यांत उतरली आहे. इथपर्यंत भाऊबंदकी होती. पुढे मंडळीत परराष्ट्रीयच पुष्कळ झाले, भावांच्या भांडणातले शब्द शेजाऱ्याने उचलले, आणि ज्याच्या घरचे ते भांडण नव्हतेच तो ते शब्द दगडासारखे मारू लागला.

त्याची कथा लांब आहे. दोन-तीन ठिकाणी थांबतो. इ. स. ३८६-८७ मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम, ज्यास 'सुवर्णमुखी' म्हणतात, त्याने आठ उपदेश केले. त्याच्या मंडळीतील लोक यहूद्यांच्या सणास सभास्थानात जात, हे त्यास खपेना. रागे भरावयाचे होते ते आपल्या लोकांस. परंतु सर्व विष ओतले गेले ते यहूद्यांवर, आणि ते उपदेश शतकानुशतके वाचले गेले. मार्टिन लूथर ह्याचे आपणा प्रॉटेस्टंटांवर फार ऋण आहे. त्याने १५२३ साली यहूद्यांशी प्रेमाने वागावे असे लिहिले. आणि वीस वर्षांनी, १५४३ साली, त्यांची सभास्थाने जाळावी, घरे पाडावी, प्रार्थनेची पुस्तके काढून घ्यावी, असेही लिहिले. ज्या हाताने शास्त्र लोकांच्या भाषेत दिले त्याच हाताने हे लिहिले, आणि हिटलरच्या जर्मनीत ते मोठ्या आनंदाने पुन्हा छापले गेले. त्या राजवटीत साठ लाख यहूदी मारले गेले. अमेरिकेतील लूथरन मंडळीने १९९४ साली लूथरचे हे लिखाण उघडपणे नाकारले.

हे सर्व दूर युरोपात झाले असे कोणी समजू नये. गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन बसले, आणि त्याचा पहिला रोख यहूदी घराण्यांतून ख्रिस्ती झालेल्यांवर होता. शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ कपडे घातले, डुकराचे मांस टाळले, एवढ्यावरून मनुष्य संशयित ठरे. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवर १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली मरण पावला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. ख्रिस्ताच्या नावाने हे झाले, आणि आपल्या किनाऱ्यावर झाले.

लूथरच्या वेळेपासून आणखी एक समजूत आपल्या उपदेशांत शिरली. त्याला रोमच्या मठवाश्यांत परूशी दिसले व परूश्यांत मठवासी दिसले. म्हणून परूशी म्हणजे कर्मांनी तारण विकत घेणारा, असे ठरून गेले. हार्वर्ड येथील जॉर्ज फूट मूर, जे प्रेस्बिटेरियन पाळक होते, त्यांनी १९२१ साली ख्रिस्ती लेखकांस सरळ विचारले की, तुम्ही यहूद्यांचे ग्रंथ वाचून हे लिहिता की एकमेकांचे वाचून? पुढे १९७७ साली ई. पी. सँडर्स यांनी पौलावरील आपल्या ग्रंथात दाखविले की यहूदी मनुष्य आज्ञा पाळून देवाच्या घरात शिरत नव्हता. देवाने त्यास आधीच कृपेने घरात घेतले होते, म्हणून तो आज्ञा पाळीत होता. सँडर्सची सर्व मते सर्वांस मान्य झाली नाहीत, व आम्हांसही नाहीत. परंतु दहा आज्ञांचा आरंभ उघडून पाहा (निर्गम २०:२): आधी मिसरातून सोडविल्याची गोष्ट, मग आज्ञा. रोमच्या मंडळीनेही १९६५ सालच्या आपल्या जाहीरनाम्यात यहूद्यांवर सरसकट दोष ठेवणे सोडले, आणि २०१९ साली रोम येथे केवळ परूश्यांविषयी विद्वानांची एक परिषद भरली. त्या मंडळींस भेटून पोप फ्रान्सिस यांनी परूश्यांविषयीच्या ठराविक प्रतिमेने यहूदी लोकांचे किती नुकसान झाले ते सांगितले.

परूश्यांत ढोंग नव्हते काय? होते, आणि ते यहूद्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांच्या तालमुदात परूश्यांचे सात प्रकार सांगितले आहेत. कोणी आपली सत्कर्मे खांद्यावर घेऊन मिरवितो. कोणी स्त्री दृष्टीस पडू नये म्हणून डोळे मिटून चालतो व भिंतीवर डोके आपटून घेतो. कोणी पापपुण्याची खतावणी मांडतो. यरुशलेमच्या तालमुदात सातांपैकी एकच खरा आवडता ठरविला आहे: जो अब्राहामाप्रमाणे देवावरील प्रीतीने वागतो तो. ज्यांनी स्वतःविषयी हे लिहून आपल्या मुलांस शिकविले, त्यांना सरसकट ढोंगी म्हणणे कठीण आहे. 'ढोंगी' ज्या ग्रीक शब्दासाठी घातला आहे त्याचा मूळ अर्थ नाटकातला पात्रधारी असा होता. खडी गंमत पाहिलेल्या माणसास हे सांगावे म्हणजे समजेल: सोंग घेणारा नेहमीच लुच्चा नसतो, कित्येकदा रात्रभर नाचून तो आपले सोंग उतरविण्यास विसरतो.

आता परूश्यांचा वारसा आज कोठे आहे? आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस वाटते, यहूदी लोक फक्त बायबलात आहेत. वास्तविक ते मराठी बोलतात.

अलिबागजवळ नवगाव म्हणून खेडे आहे. तेथील किनाऱ्यावर फार पूर्वी गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, व त्यांपासून आमचे कुळ वाढले, असे बेने इस्राएल लोक सांगत आले आहेत. कोंकणच्या खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अशी त्यांची आडनावे. लुगडे, भाषा, जेवण सर्व कोंकणी. पुस्तके हरवली, इब्री भाषा विसरली. परंतु सुंता राहिली, शब्बाथ राहिला, खवले व पंख नसलेला मासा न खाणे राहिले, आणि एक प्रार्थना राहिली, इस्राएलाने देव एकच आहे हे ऐकावे, ही. हीच ती, जी मार्काच्या बाराव्या अध्यायात सर्वांत मोठी आज्ञा कोणती ह्या प्रश्नास उत्तर देताना प्रभूने प्रथम उच्चारिली. घाण्यावरचा अडाणी तेली सर्व विसरला आणि जे विसरला नाही ते नेमके तेच होते.

शामुएल यहेज्केल दिवेकर हा फलटणीतला मनुष्य. त्याने १७९६ साली मुंबईत ह्या लोकांचे पहिले सभास्थान बांधिले. पुढे कोचीनहून गुरु आले. आणि मग आली आमची मिशने. अमेरिकन मिशन मुंबईस १८१३ पासून होते. त्याच्या शाळांत बेने इस्राएलांची मुले शिकली व त्यांचे शिक्षकही होते. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले, व १८३२ साली त्यांनी मराठीत इब्री भाषेचे व्याकरण छापले. ज्या स्कॉटिश मिशनने १८४५ साली स्टीफन हिस्लॉप यांस नागपुरास पाठविले व ज्यामुळे वऱ्हाड-वर्ध्याकडे शुभवर्तमानाचे काम पसरले, त्याच घराण्यातले हे विल्सन. जुना करार मूळ भाषेत वाचला म्हणजे हे लोक ख्रिस्ताकडे वळतील, अशी त्यांची आशा होती.

फार थोडे वळले. मिशनच्या वर्गांत जी इब्री त्यांस मिळाली तिच्या बळाने ते आपल्या वडिलांच्या प्रार्थनेकडे परतले. त्यांच्यातील विद्वान जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणिली. हाईम सामुएल केहीमकर यांनी १८९७ साली आपल्या लोकांचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली छापला गेला. ह्या लोकांनी जुन्या करारातील चरित्रांवर मराठीत कीर्तनेही रचिली, जसे आपल्याकडे रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रुजविले. म्हणजे आमच्याच मिशनने, मनात नसता, परूश्यांचा वारसा महाराष्ट्रात पुन्हा उभा केला! कित्येक जुन्या मिशनऱ्यांस ह्याचे वाईट वाटले. आम्हांस वाटत नाही. ज्यांच्यापासून आपणास मोशे व संदेष्टे मिळाले त्यांस त्यांचेच पुस्तक वाचावयास शिकविणे, हे थोडेसे देणे फेडण्यासारखेच झाले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशात गेले. तेथेही १९६४ पर्यंत त्यांच्या यहूदीपणाविषयी वाद चालला होता, मग ते पूर्ण यहूदी असल्याचे मान्य झाले. काही हजार अद्याप मुंबई, ठाणे व कोंकणात आहेत, आणि २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. उपकारस्तुतीच्या वेळी ते पोहे, नारळ, साखर व फळे मांडून मलिदा करतात व एलीया संदेष्ट्याचे स्मरण करतात. आपल्या हंगामाच्या सणात ज्वारीची कणसे वेदीपुढे ठेवणाऱ्या बाईस ते दृश्य परके वाटणार नाही.

ह्यापैकी एखादा शनिवारचा तेली आपल्या प्रार्थनेस येऊन मागच्या सतरंजीवर बसला आहे, असे समजून परूश्यांवर उपदेश करावा, असे आम्ही उपदेशकांस सुचवितो. मग जे शब्द गळतील ते गळू द्यावे.

आता परूशी व जकातदार ह्यांचा दाखला (लूक १८). आमच्याकडे हा दाखला बहुधा वाया जातो. परूशी म्हणताच श्रोते त्यास आधीच दोषी ठरवितात, व जकातदार म्हणताच त्यांस एखादा गरीब, रडवेला मनुष्य दिसतो. प्रभूचे श्रोते तसे समजत नव्हते. परूशी हा गावातला खरा चांगला मनुष्य होता; आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, आणि त्याने सांगितले ते खोटे नव्हते. जकातदार हा परक्या राज्याचा नोकर, लोकांच्या पोटावर पाय देणारा. जुन्या मालगुजारीच्या दिवसांत मालगुजाराचा जो कारभारी मापात मारून धान्य नेई, त्यास मंदिरात उभा करा. आणि त्याच्या शेजारी आपल्या मंडळीतील सर्वांत सचोटीच्या वडिलास उभा करा. मग घरी कोण नीतिमान ठरून गेला ते सांगा. ऐकणारे चमकले तर दाखला पोचला. चमकले नाहीत, उलट समाधानाने मान डोलावली, तर तो पुन्हा सांगावा लागेल.

दशमांशाचेही तसेच. पुदिना, शेप व जिरे यांचा दशमांश देणाऱ्यास प्रभू देऊ नको म्हणत नाही. ते करावे व न्याय, दया, विश्वास हेही सोडू नये, असे म्हणतो (मत्तय २३:२३). आमच्या भागात हे कापसाच्या वेचणीत समजते. एखादा बंधू मिळकतीचा दहावा भाग मंडळीच्या पेटीत नेमाने घालतो, आणि वेचणाऱ्या विधवेचा कापूस मोजताना तराजूवर बोट ठेवतो. त्याला परूशी म्हणून काय होणार? पेटीचे दान बंद करावे, एवढाच अर्थ तो घेईल. त्याचे दान चालू द्यावे, आणि पंचांनी जाऊन तराजू पाहावा.

काही उपदेशकांनी आम्हांस विचारले आहे की मग मत्तयाचा तेविसावा अध्याय वर्गात घ्यावा की न घ्यावा. घ्यावा. पण आरंभ तेथून करू नये. आधी लूक चौदाव्यातील जेवण, मग मार्क बाराव्यातील शास्त्री, मग गमलियेलाचे भाषण, असे तीन रविवार जाऊ द्यावे; चवथ्या रविवारी तो अध्याय उघडावा. 'शास्त्री' शब्द बदलण्याची गरज नाही, त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी सांगावा. आणि वेळ झाली म्हणून छत्तिसाव्या वचनापाशी थांबू नये, जसे पुष्कळ ठिकाणी थांबतात. सदतिसाव्या वचनात तो ह्याच लोकांच्या नगरासाठी कळवळला आहे. तेथे कोंबडीच्या पंखांचा जो दाखला आहे, तो खेड्यातील लहान पोरासही समजावून द्यावा लागत नाही.